बारावं कार्ड

यवतमाळ
९ जून २०२५

ती. प्रभावती आत्या हिस,
साधनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझ्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? आलं असलं तरी मी पत्रच लिहिणार. फोनवर तुला माझं बोलणं माशीच्या भुणभुणीसारखं ऐकू येतं आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, हे तूच सांगितलंस. चाळीस वर्षं शाळेत पोरांचं अक्षर सुधारलेल्या बाईला माझं अक्षर तरी नीट वाचायला मिळू दे.

इकडे विद्यापीठाच्या आमच्या उपकेंद्रात एक चमत्कारिक गोष्ट चालली आहे. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मुली दरवर्षी वाढताहेत. तीन वर्षांत चौऱ्यांशीच्या सत्त्याण्णव झाल्या, मग एकशे बारा. दारव्हा, दिग्रस, महागाव इथून येणाऱ्याच जास्त. पण दुसऱ्या वर्षाला त्या दिसत नाहीत. आधी बावन्न आल्या, मग चाळीस, आणि यंदा आजपर्यंत फक्त एकवीस. विद्यापीठातून पत्र आलं आहे की जुलैच्या दहा तारखेपर्यंत दुसऱ्या वर्षात चाळीस झाल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वर्ग बंद. हा वर्ग सुरू व्हावा म्हणून मी सात वर्षं अर्ज केले होते, ते तुला माहीत आहे.

परवाच्या बैठकीत मला गळतीचं कारण विचारलं. मी दरवर्षी अहवालात लिहिते तेच सांगितलं: शेतीची कामं, लग्नं, आणि घराबाहेर मन न लागणं. तुझंच उदाहरण दिलं. म्हटलं, माझी आत्या इतकी हुशार, पण पहिल्याच वर्षी यवतमाळला मन लागेना म्हणून कॉलेज सोडून दिग्रसला परतली. रागावू नकोस. तुझ्यामुळे बैठकीत सगळ्यांना ते पटलं.

प्रकृतीला जप. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
साधना


दिग्रस
१३ जून २०२५

चि. साधना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

मशीन आलं. आता शेजारच्या कोकिळाबाईचं भांडण स्पष्ट ऐकू येतं, त्यामुळे काढूनच ठेवलं आहे.

तू माझं उदाहरण दिलंस ते वाचलं. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. फक्त एक विचारते. ज्या मुली गेल्या, त्यांच्यापैकी किती जणींना तू स्वतः विचारलंस? मी मास्तरीण होते तेव्हा पोर दोन दिवस आलं नाही की संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहत असे. आजारी असेल वाटलं तर मामाच्या गावी निघायचं, पळालं असेल वाटलं तर गालगुंड सुजलेलं दिसायचं. हजेरीपटावरची फुली कारण सांगत नाही, बाई. ते कारण आपण आपल्या मनाने लिहितो.

तुझ्याकडे त्यांचे फोन नंबर असतील. लाव ना.

आंब्याचं लोणचं बसच्या कंडक्टरजवळ दिलं आहे. बरणी परत पाठव. मागची दोन अजून आलेली नाहीत. आठवण ठेव.
तुझी आत्या,
प्रभावती


यवतमाळ
१७ जून २०२५

ती. आत्या हिस,
साधनाचा जयभीम. वि. वि.

बरण्या पाठवते. पण फोन लावले, आणि जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिग्रस भागातली यादी घेऊन बसले. पहिलं नाव वैष्णवी, तांड्यावरच्या फुलसिंग राठोडांची मुलगी, पहिल्या सत्रात रसायनशास्त्रात वर्गात पहिली. फोन एका पुरुषाने घेतला, म्हणाला की इथे वैष्णवी कोणी नाही. दुसऱ्या मुलीचा नंबर लावला, तर तोच आवाज. तिसऱ्या मुलीच्या नंबरावरही तोच, आणि आता तो चिडला होता. म्हणाला, बाई, तुम्ही सकाळपासून वेगवेगळ्या पोरी मलेच कायले विचारून राहिल्या, माही घरवाली समोर बसली आहे.

तेव्हा कुठे मी नंबर एकाखाली एक ठेवून पाहिले. आत्या, एकशे बारापैकी सदतीस मुलींच्या अर्जावर एकच नंबर आहे! तुमच्या बसस्थानकासमोर ऑनलाइन अर्ज भरून देणारा कोणी बबलू आहे, त्याचा. आणि उन्हाळी परीक्षेचा अर्ज भरायची मुदत आम्ही फक्त त्या नंबरांवर निरोप पाठवून कळवली होती. मुली तेव्हा सुट्टीवर होत्या. निरोप सदतीस वेळा त्याच्याच खिशात गेला. अर्ज नाही म्हणून परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणून दुसरं वर्ष नाही.

पुरवणी परीक्षेचे अर्ज तीस तारखेपर्यंत चालू आहेत. ते भरले तर दुसऱ्या वर्षात तात्पुरता प्रवेश देता येतो, मी विचारून घेतलं. पण या मुली कुठे आहेत हे बबलूलाच ठाऊक असेल. मला इथून प्रवेशाच्या गर्दीत हलता येत नाही. तू त्याच्याकडे जाशील का? यादी आणि कोरे अर्ज सोबत ठेवले आहेत. कंडक्टरला सांगितलं आहे की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं.

तुझ्यावर भार टाकते आहे, तो हक्काने.
तुझी,
साधना


दिग्रस
२१ जून २०२५

चि. साधना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

बबलू चौथीत माझ्याच वर्गात होता. तेव्हाही सगळ्या रांगेची गणितं एकटाच सोडवायचा आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. आता चाळिशीला आला आहे, डोकं निम्मं टकलं झालं आहे, पण मी दुकानात पाऊल टाकताच खुर्ची सोडून उभा राहिला. मशीन लावून गेले होते, त्यामुळे त्याचं सगळं ऐकू आलं.

तो म्हणे, बाई, मी कोनाचं वाईट कायले करू? पोरगी अर्ज भराले येते, मोबाइल तिच्या बापाजवळ, बाप वावरात. इथं ओटीपी दोन मिनिटात मरते आणि मांगं लाइन लागून राह्यते. मंग मी माहाच नंबर टाकतो, काम होऊन जाते. मी विचारलं, मग विद्यापीठाचा निरोप आला तेव्हा? तर म्हणाला की एकच निरोप सदतीस वेळा आला, म्हणून त्याला वाटलं कंपनीची जाहिरात आहे. पुसून टाकला.

मी पिशवी उघडली. यादी त्याच्यासमोर ठेवली. तो एकेक नाव वाचत गेला, आणि साधना, त्याला प्रत्येकीचं गाव माहीत आहे. कोणाची जातपडताळणी अडली होती, कोणाचा फोटो तीनदा काढावा लागला, सगळं. यादीच्या तळाशी येईपर्यंत त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि मला विचारलं की मोटरसायकलवर बसता येते का.

सत्तर वर्षांची बाई बबलूच्या मागे बसून तांड्यावर गेली, हे कोकिळाबाईने पाहिलं आहे. तुझ्यापर्यंत पोचेलच.

वैष्णवी आईबरोबर वावरात सरकी लावत होती. आम्हाला पाहून ती उभी राहिली, हात पुसले, पण जवळ आली नाही. तिची आई रुपीबाई पुढे झाली. म्हणाली, पोरीचं नाव कापलं त कापलं, पण एक कागद त धाडा लागत होता ना. पोरगी महिनाभर पुस्तकं उघडे, बंद करे. आम्ही समजलो, मोठ्या घरचं बलावणं आहे, एकदा बंद झालं त झालं.

त्यांना वाटत होतं तुम्ही नाव कापलं. तुम्हाला वाटत होतं तिचं मन लागलं नाही. मी बांधावरच अर्ज तिच्या हातात दिला. तिने सही केली तेव्हा मातीचं बोट उमटलं आहे, तो कागद तसाच घे, नवा मागू नको.

आणखी अठ्ठावीस गावं-वस्त्या बाकी आहेत. पाठ दुखते आहे, पण छान दुखते आहे. इकडची काळजी करू नको.
तुझी आत्या,
प्रभावती


यवतमाळ
२६ जून २०२५

ती. आत्या हिस,
साधनाचा जयभीम. वि. वि.

मातीच्या बोटाचा अर्ज पोचला. कारकुनाने कपाळाला आठ्या घातल्या, मी त्याच्यासमोर बसून शिक्का मारून घेतला. आजपर्यंत तुझ्याकडून सोळा आले. एकवीस आणि सोळा सदतीस. अजून तीन हवेत, आणि मला खात्री आहे की ते होतील.

पण एक गोष्ट सलते आहे. आमचे संचालक म्हणाले की गळतीबद्दल बैठकीत द्यायच्या खुलाशात त्या दुकानदाराचं नाव लिहून टाका, प्रश्न मिटला. कागद पुढे ओढला, पण पेन उचलेना. नंबर त्याने टाकला हे खरं, पण सदतीस नंबर सारखे आहेत हे वर्षभर माझ्या टेबलावर पडून होतं. मी पाहिलं नाही, कारण मला कारण आधीच माहीत होतं. तीन अहवालांत मी शेती, लग्नं आणि मन असं सहीनिशी लिहिलं आहे. एकीलाही न विचारता. ते आता मान्य केलं तर ही बाई विभाग चालवायला लायक नाही, असंही कोणी म्हणेल.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, ते लिही. खरडपट्टी काढलीस तरी चालेल.
तुझीच,
साधना


दिग्रस
१ जुलै २०२५

चि. साधना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

काल संध्याकाळी शेवटचा अर्ज भरला. सदतीसपैकी एकोणतीस. दोघींची लग्नं झाली, त्यातल्या एकीचा नवरा पाठवतो म्हणाला पण सासूने दार लावून घेतलं. एक पोलीस भरतीत गेली, तिने पेढा दिला. बाकीच्यांची घरं बंद होती, पेरणी झाली की पुढच्या परीक्षेसाठी परत जाईन. बबलूने पाच दिवस दुकान अर्धवेळ चालवलं. त्याचं नाव लिहायचं असेल तर हेही लिही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्यासाठी मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल.

साधना, १९७३ साली माझं यवतमाळला मन चांगलं लागलं होतं. मला प्रयोगशाळेतला तो गॅसचा वास आवडायचा. हिवाळ्यात तुझी आजी तुळसाबाई आजारी पडली म्हणून मी घरी आले, दीड महिना राहिले. कॉलेजने परीक्षेच्या अर्जाचं कार्ड माझ्या खोलीच्या पत्त्यावर टाकलं. घरमालकिणीने ते जपून आरशामागे खोचून ठेवलं. मी परत गेले तेव्हा तिनेच आनंदाने काढून दिलं. मुदत तीन दिवसांपूर्वी संपली होती.

घरी मी ते सांगितलं नाही. बाबांनी एकट्या पोरीला शहरात ठेवलं म्हणून आधीच वस्तीत नावं ठेवत होते. कार्ड हुकलं म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते की शहरात आपल्या पोरींकडे कोण पाहतं, आणि मागून येणाऱ्या दोघीतिघींची वाट बंद झाली असती. म्हणून मन लागलं नाही म्हटलं. तुझा बाप धर्मपाल तेव्हा आठवीत होता, त्यालाही हेच माहीत. पुढे डी.एड. केलं, नोकरी केली, पोरं शिकवली, माझं काही वाईट झालं नाही. पण तू बैठकीत माझं उदाहरण दिलंस ते वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

तेव्हा खरं लिही. मी बावन्न वर्षं सोपं कारण सांगितलं. तू तीनच वर्षं सांगितलं आहेस, लवकर सुटशील.

जेवत जा वेळेवर.
तुझी आत्या,
प्रभावती


यवतमाळ
१२ जुलै २०२५

ती. आत्या हिस,
साधनाचा जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. क्षमा कशी मागायची ते कळेना. म्हणून जे करता येण्यासारखं होतं ते केलं.

खुलाशात सगळं लिहिलं. नंबर कसे टाकले गेले, का टाकले गेले, आणि माझे तीन अहवाल अंदाजाने लिहिले होते हे पण. बैठकीत मीच तो उभी राहून वाचला. एका सदस्याने विचारलं की मागच्या बैठकीत उदाहरण म्हणून तुमच्या आत्याचं सांगितलं होतंत ना. मी म्हटलं, तेही चूक होतं, ते दुरुस्त करून घ्या. इतिवृत्तात लिहून घेतलं आहे, आत्या. दुसऱ्या वर्षात पन्नास मुली आहेत. वर्ग चालू राहील. मला एक लेखी समज मिळाली, ती मी फाइलीत लावली आहे.

यंदापासून नवी पद्धत. प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक मुलीला एक कोरं पोस्टकार्ड देतो. त्यावर तिने स्वतःच्या हाताने पत्ता लिहायचा, जिथे कागद तिच्या हातात नक्की पडेल अशा माणसाचा. कार्डं माझ्या कपाटात राहतात आणि परीक्षेची तारीख आली की पेटीत पडतात. दिग्रसकडच्या अकरा जणींनी कोणाचा पत्ता लिहिला असेल, ओळख. मी सांगितलं नव्हतं, शपथ.

बरण्या कंडक्टरजवळ दिल्या आहेत. तिन्ही.
तुझ्या शब्दाची वाट पाहणारी,
साधना


दिग्रस
१४ ऑक्टोबर २०२५

चि. साधना हिस,
अ. उ. आशीर्वाद.

काल पोस्टमनने एक गठ्ठा आणून दिला आणि विचारलं की बाई, तुम्ही पुन्हा शाळा काढली काय. मुलींची अकरा कार्डं. बबलूला निरोप दिला, तो आता लगेच गाडी घेऊन येतो. आज दुपारपर्यंत दहा पोचवली. तांड्यावरचं शेवटी ठेवलं, कारण रुपीबाई चहा चांगला करते.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली वैष्णवी कापूस वेचून नुकतीच आली होती. कार्ड तिने दोनदा वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. रुपीबाईने ते घेऊन दाराच्या चौकटीत खोचायला हात वर केला. मी घाईने थांबवलं आणि म्हटलं, ठेवू नको, बाई, आधी भर. मग आम्ही तिघी तिथेच बसलो आणि बबलूने मोबाइलवर अर्ज भरला. ओटीपी फुलसिंगच्या मोबाइलवर आला, तो वावरातून पळत आला. नंबर त्याचाच होता.

निघताना वैष्णवीला माझ्या पिशवीत आणखी एक कार्ड दिसलं. तिने विचारलं, बाई, हे कोनाचं राह्यलं?

ते गठ्ठ्यातलं बारावं, तू तुझ्या हाताने लिहिलेलं. कु. प्रभावती, बी.एस्सी. भाग एक. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत अमुक तारखेपर्यंत, कृपया हजर राहावे. खाली शिक्का.

वेडी आहेस. मी काही अर्ज भरणार नाही. माझा आता गुडघा वर्गाचा जिना चढत नाही. पण कार्ड मी पुन्हा पुन्हा उलटून पाहिलं आणि तारीख मोजली. अजून सहा दिवस शिल्लक आहेत.

वैष्णवीला मी सांगितलं, हे माझं आहे, वेळेवर आलं.

लोभ तुझा, आशीर्वाद माझा, दोन्ही चालू राहोत.
तुझी आत्या,
प्रभावती