टँकरनं फाडलेलं गवत

२२ एप्रिल २०१९

फाडलं! बंकटनं टँकर मागं घेतला आणि रस्त्याकडेचं आपलं प्लास्टिकचं गवत चाकाखाली घालून बरोबर मधोमध उसवलं. वर म्हणतो, "मामी, वळायला जागाच न्हाई की!" दुष्काळात पाणी आणणाऱ्याला काय बोलणार. चहा दिला.

खरं लॉन मागच्या साली वाळून गेलं, तेव्हा दोघा भावांनी हे नकली अंथरलं. गेटाकडचं निम्मं मोहनभाऊजींचं, घराकडचं निम्मं आमचं. गेट एक, रस्ता एक, गवत मात्र दोन! फाटलं ते नेमकं सांध्यावर.

हे म्हणाले, "टँकर भाऊनं बोलावला व्हता. भाऊ बघंल." तिकडून भाऊजी मोठ्यानं, कुणालाच न सांगितल्यासारखं — "कड ज्यांची उचकटली त्यांनी बघावं!"

दोघंही दूध संस्थेत डायरेक्टर. पॅनल वेगळे. मागच्या निवडणुकीपासून, म्हणजे पाच वर्षं, बोलणं नाही. म्हणून आम्हा जावांचंही नाही.

२४ एप्रिल

बीडच्या दुकानदाराला फोन केला. "अक्षय तृतीया झाल्यावर बघू." बाहेर त्रेचाळीस. वारा सुटला की फाटकी कड पदरासारखी उडते.

२५ एप्रिल

थोरल्या बाई, म्हणजे माझ्या जाऊबाई, पडल्या. किटली घेऊन दूध घालायला निघाल्या होत्या, पाय त्या कडेत अडकला. सगळं दूध गवतावर. मी धावले — आणि दहा पावलांवर थांबले. का थांबले? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग आपल्या आपण उठल्या, मनगट धरून आत गेल्या.

जेवण गेलं नाही. माझ्या दोन्ही बाळंतपणांत ह्याच गीताबाई माझ्या उशाशी होत्या. आणि मी दहा पावलांवर थांबते!

२६ एप्रिल

ठरलं. मीच जोडणार. फोनवर चार व्हिडिओ बघितले. बाईमाणसानं करायसारखंच काम आहे — झाडायचं, कापायचं, जोडायचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला जमायचं न्हाई." बरं!

२७ एप्रिल

सकाळी सहालाच बसले. दुपारी त्या गवताचा तवा होतो, हात लावता येत नाही. खराट्यानं वाळू झाडून गोळा केली, ऊन चढायच्या आत जुना डिंक खरवडला. कड उलटी केली तेव्हा कळलं — आमची पाती गेटाकडं झुकलेली, त्यांची घराकडं. दोघा भावांनी आपापल्या बाजूनं अंथरायला सुरुवात केलेली! असं कसं जुळणार? कितीही चिकटवा, मधोमध भांग पाडल्यागत दिसणार. एकाचं गवत उचलून फिरवल्याशिवाय इलाज नाही.

मी आमचंच फिरवायला घेतलं. एकटीनं ओढता येईना. ओढता ओढता मागं पडले, सपशेल, पाय वर!

ओसरीतून हसण्याचा आवाज. थोरल्या बाई. मनगटाला पट्टी, तोंडाला पदर, अन् हसू आवरेना. मग मलाही आवरेना.

"लागलं का गं, छबू?"

पाच वर्षांनी. माझं नाव.

२८ एप्रिल

बाई स्वतःच आल्या, दाभण आणि नायलॉनचा दोरा घेऊन. "डिंकाचा काय भरवसा? पोतं शिवतो तसं शिवून टाकू." मी म्हटलं आमचं फिरवते. म्हणाल्या, "तुझ्याला भोकं पडलेत, उचललं तर आणखी फाटंल. माझं फिरव." झालं, एवढंच! त्याच्यावरून भांडण नाही, मीटिंग नाही, पॅनल नाही.

त्यांनी डाव्या हातानं कडा धरल्या, मी टाके घातले. मी म्हटलं, "बाई, त्या दिशी मी थांबले. यायला पायजे व्हतं." त्या म्हणाल्या, "मी बी उठताना तुला हाक मारली न्हाई." मग दोघी नुसत्या टाके मोजत बसलो.

२९ एप्रिल

टाके पुरे. खाली पट्टी, तिला डिंक. वर वाळू. दोन रात्री दाबून राहावं म्हणून पाट आणि जाती ठेवली.

बोलता बोलता म्हशींचं निघालं. संस्थेनं पेंडीचा ट्रक मागवायचा होता, महिना झाला. बाईंची म्हैस निम्म्या दुधावर आलीय, माझीही. वस्तीवरच्या पारूबाईनं तर म्हैस चारा छावणीत नेऊन बांधली. मी विचारलं, ट्रक अडला कशानं? म्हणाल्या, "तुला न्हाई ठाव? तुझा मालक एका दुकानाचं नाव घेतो, माझा दुसऱ्याचं. चार मीटिंगा उधळल्या." मी ह्यांच्याकडून ऐकलं होतं की भाऊजी अडवतात. त्यांनी भाऊजींकडून ऐकलं होतं की हे अडवतात.

"आन म्हशीखाली बसतं कोण?" बाई म्हणाल्या.

१ मे

पाट उचलले. खराट्यानं पाती उभी केली. सांधा कुठं आहे ते मलाच सापडेना! बंकट आला, टँकर गेटाबाहेर ठेवला, पाइप ओढत आणला. "मामी, आता चाक घालायचं जिवावर येतं!"

हे दोनदा त्यावरून चालत गेले. संध्याकाळी भाऊजीही चालून गेले.

४ मे

थोरल्या बाईंबरोबर वस्तीवर फिरून आले. सतरा घरं. दूध घालायचं पुस्तक बारा घरांत बाईच्या नावावर आहे. माझंही माझ्याच नावावर. म्हणजे सभासद आम्ही, मतही आमचंच. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! पारूबाई म्हणाली, "तुमी दोघी एका जागी बसलात तरी पुरं हाय."

८ मे

नेहमीच्या कामांचा दिवस. वाळू पुन्हा झाडली, एक टाका सैल होता तो बाईंनी ओढला. हात बरा आहे त्यांचा.

१० मे

आज संस्थेच्या निवडणुकीचा अर्ज भरला. ह्यांच्या पॅनलकडून नाही, भाऊजींच्याही नाही. महिलांच्या राखीव जागेवर नाही, सर्वसाधारण. सूचक म्हणून सही — गीताबाई.

दुपारी दोघं भाऊ एकाच मोटारसायकलवर घरी आले. पाच वर्षांत पहिल्यांदा! दोघांच्या तोंडी एकच — "अर्ज कावून भरला?"

थोरल्या बाई म्हणाल्या, "निवडून यायला!"