दोन स्पीकरांवर ताईचं रागावणं

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही कान पकडून नमस्कार. (कान का पकडले ते पुढे येईलच. आधी तब्येतीचं बोलून घेऊ, म्हणजे तू पत्र मध्येच फेकून देणार नाहीस.)

गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम दोनदा चढतेस, म्हणून काही म्हणत नाही. भाऊजींच्या कानातलं यंत्र नीट चालतंय ना? मागच्या भेटीत तू बोलायला लागलीस की ते यंत्र काढून चष्म्याच्या डबीत ठेवत होते आणि तू थांबलीस की परत लावत होते. मी पाहिलं, पण नात्याचा मान राखून गप्प बसलो. इकडे सगळं उत्तम. तुझ्या भावजयीने दिवाणखान्याला नवीन पडदे केले आहेत, आणि मी दिवसभर घरी असू लागलो तेव्हापासून तिला घर लहान वाटू लागलं आहे.

रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद करून मी करतो तरी काय, असं तू विचारलं होतंस. सांगतो, हसू नकोस. मी परीक्षक झालो आहे. उंची स्पीकरांचं दरवर्षी एक मोठं प्रदर्शन भरतं. त्यात कोणाचा आवाज सगळ्यात खरा, हे ठरवायला तिघांना बसवतात, त्यांतला एक मी. त्यासाठी हॉटेलचे दोन मजले घेतात. खोलीतला पलंग उभा करून न्हाणीघरात कोंबतात आणि त्याच्या जागी माणसाएवढे दोन स्पीकर मांडतात. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला रजया टांगतात. वायरी माझ्या मनगटाएवढ्या जाड, आणि त्या जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली लाकडी ठोकळे. (टेकल्या तर काय होतं, असं मी एकदा विचारलं. त्या खोलीत मला पुन्हा कोणी चहा विचारला नाही.) समोर माणसं डोळे मिटून बसतात. कोणी खोकलं की सगळे वळून बघतात. मधूनच एखादा हळूच म्हणतो, "काय हवा आहे!" आणि बाकीचे माना डोलावतात. पहिल्या वर्षी मी उठून खिडकी लावली होती, मग कळलं की ही आवाजाची तारीफ असते. आता मीही मान डोलावतो.

बाकीचे दोन परीक्षक म्हणजे कानाचे एक डॉक्टर, ते आमचे अध्यक्ष, आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या एक बाई. आमच्यात पद्धत अशी की प्रत्येकाने परीक्षेसाठी स्वतःचं एक रेकॉर्डिंग आणायचं, आणि ते असं हवं की त्यातला आवाज आपल्याला पुरता पाठ असेल. म्हणजे स्पीकरने त्यात काडीची भर घातली तरी चोरी पकडली जाते. डॉक्टर ढोलांचं काहीतरी आणतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. बाई त्यांच्या गुरूंचं वादन आणतात. आणि ताई, मी तुला आणतो.

आता कान पकडल्याचं सांगतो. तू नर्सच्या नोकरीसाठी परगावी निघालीस, त्याच्या आदल्या दिवशी मी तुझा रेडिओ खोलला होता, आठवतं? मी अकरा वर्षांचा. तू सतरंजीवरचे सुटे भाग बघितलेस आणि सव्वाचार मिनिटं मला झाडलंस. सव्वाचार हा नेमका आकडा मला ठाऊक आहे, कारण शाळेतल्या सरांचा टेपरेकॉर्डर पलंगाखाली चालू होता. मी खरं तर मांजराचा आवाज धरायला तो लावला होता. मांजर आलं नाही, तू आलीस. ती टेप मी एकेचाळीस वर्षं जपली, तिच्यावर दुकानातला प्रत्येक दुरुस्त रेडिओ आणि स्पीकर तपासून दिला, आणि तुला आजवर सांगितलं नाही. जगात मला एवढा पाठ असलेला दुसरा आवाज नाही. परीक्षेच्या अर्जावर मी 'स्त्री-स्वर, घरगुती, संतप्त' असं लिहितो.

(रागावली असशील तर इथे पाणी पिऊन घे.)

तुझा दरारा मात्र काय सांगू! "गाढवा, रेडिओ काय भाजी आहे, दिसला की चिरायचा?" हे तुझं पहिलं वाक्य सुटलं की कंपन्यांची सुटाबुटातली माणसं खिशातले हात बाहेर काढतात. एका खोलीत तू विहिरीतून बोलत होतीस, त्यांना मी चार गुण दिले. एकीकडे तुझा आवाज इतका गोड आला की मला तुझी काळजी वाटली. तो स्पीकर तिथेच बाद केला. आणि एकीकडे तू आठ फूट उंच होऊन कपाट आणि खिडकीच्या मध्ये उभी राहिलीस. तिथे मी घाबरून सात गुण दिले, ते चुकलंच.

शेवटी दोन उरले. एक उंच, काळा, त्याला आम्ही उंट म्हणू लागलो. दुसरा बुटका, लाकडी, तो खोका. तुझ्या बोलण्याच्या शेवटी एक वाक्य आहे: "उद्यापासून मी नसणार, मग कोण जोडून देणार तुला हे सगळं?" त्यापुढे माझ्या दुकानातल्या स्पीकरवर नुसती खरखर यायची. या दोघांवर मात्र त्या खरखरीच्या आत एक बारीक श्वास ऐकू आला. उंटावर तो दाबलेल्या हसण्याचा वाटला. खोक्यावर रडण्याचा. आम्ही तो अकरा वेळा लावला. डॉक्टर म्हणाले, हसू आहे. बाई म्हणाल्या, रडणं आहे, आणि रुमाल काढून स्वतःच नाक पुसू लागल्या. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण आवाज माझ्या घरचा आणि निकाल माझ्या मतावर अडलेला.

ताई, मी आजवर धरून चाललो होतो की तू माझ्यावर चिडून घरातून गेलीस. दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना तू वळून पाहिलं नाहीस, ते मी त्या रेडिओच्या खाती घातलं होतं. पुढे आपण इतक्या वेळा भेटलो, पोटभर बोललो, पण हे विचारायचा धीर मला झाला नाही. दुकान उघडल्यावर रोज सकाळी तुझा राग एकदा ऐकला की मला बरं वाटायचं, कारण राग तर राग, तू होतीस. आणि त्या रागाच्या मागे आणखी काही आहे, हे मला हॉटेलच्या खोलीत, न्हाणीघरातल्या पलंगाशेजारी उभं असताना कळलं.

मी डॉक्टरांना सांगितलं की मूळ आवाजाच्या मालकिणीला विचारल्याशिवाय मी मत देणार नाही. ते भले गृहस्थ, त्यांनी मुदत दिली आणि दोन्ही जोड्या माझ्या घरी पाठवल्या. सध्या आमच्या दिवाणखान्यात बसायला जागा नाही, आणि तुझी भावजय उंटावर टॉवेल वाळत घालते.

भाऊजींना नमस्कार (यंत्र लावलेलं असेल तेव्हा सांग).

तुझा
धाकटा

ता. क. पत्राचं कारण एवढंच: ते हसू होतं की रडू? निकाल खोळंबला आहे, म्हणून तू ताबडतोब ये. मूळ आवाज आणि दोन्ही स्पीकर एकाच खोलीत आले की शंकेला जागा उरणार नाही. आमच्याकडे लिफ्ट आहे, गुडघ्याचं निमित्त चालणार नाही.

ता. क. २. फोनवर सांगू नकोस. फोनवर तुझा आवाज फार वाईट येतो, मी त्याला दोनच गुण देईन.

ता. क. ३. तुझ्या भावजयीने पत्र वाचलं आणि म्हणाली, बहिणीशी तरी खरं बोला. तर खरं असं, की निकाल गेल्या आठवड्यातच लागला. स्पीकर दोन दिवस राहून गुरुवारी परत गेले. (टॉवेलचं खरं आहे.) मी पहिला नंबर खोक्याला दिला, यावरून माझं मत तुला कळलंच असेल. चुकलं असेल तर येऊन सांग. निकाल काही बदलणार नाही, मला फक्त कळायला हवं आहे. तुझा तो रेडिओ इतकी वर्षं सुटाच ठेवला होता, तो मी या महिन्यात जोडला, आणि तो वाजतो. स्क्रू मात्र एक उरला आहे. तो तुझ्या हातात ठेवल्यावर तू हसतेस की रडतेस, हे मला या वेळी स्पीकरशिवाय ऐकायचं आहे.