लुगड्यामागचा रेडिओ

राजारामपुरी, रविवार, १६ नोव्हेंबर १९५२

आई मिरजेच्या दवाखान्यात गेल्यापासून माझ्या धाकट्या भावंडांचे, बबन आणि शालीचे, क्षणभर पटत नाही. मी गोष्ट सांगायला बसलो तरी भांडण. "दादा तुझ्याकडंच बघून सांगतोय." "न्हाय, तुझ्याकडं!" आज शालीने त्याला बोचकारले. आईला कळले तर?

शेजारच्या वकीलकाकांच्या कट्ट्यावर रेडिओची गोष्ट ऐकताना मात्र दोघे गुडघ्याला गुडघा लावून बसतात. रेडिओ कुणाकडेच बघत नाही, म्हणून असेल का? आज काकांच्या दाराला कुलूप. मग मीच आईचे जुने अंजिरी लुगडे दोरीवर टाकले, त्याच्यामागे बसलो आणि घसा साफ करून म्हणालो, "बालमित्रांनो, ऐका."

शाली फिसकन हसली. "ह्यो रेडिओ खोकतोय की!"

"गप गं, ऐकू दे," बबन म्हणाला.

कोल्ह्याची एक गोष्ट सुचेल तशी रचत गेलो. पलीकडे एकदाही आवाज चढला नाही. लुगडे अगदी नाकाशी होते. अजून शिकेकाईचा वास येतो त्याला. आईच्या केसांचा.

गोष्ट संपली. बबनने हळूच विचारले, "रेडिओ, आई कवा येणार हाय, ते बी सांग की."

काय सांगणार? डॉक्टरही सांगत नाहीत. मी तोंडाने खरखर काढली, रेडिओ बिघडल्यावर येते तशी. दोघे खो-खो हसली.

डोळे पुसून होईपर्यंत मी लुगड्यामागेच बसून राहिलो.