सहाव्या झेंड्याजवळची वाळू

दि. ६ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. म्हणून बाबा म्हणाला, कामाचं असेल ते पत्रानंच विचार. तर कामाचंच आहे.

इंटरनेटवर एक नकाशा आहे. तो कुठल्या कंपनीचा नाही, जगभरातले लोक मिळून काढतात. कुणीही त्यात भर घालावी, कुणीही दुसऱ्याची चूक सुधारावी. ऑफिसातून आल्यावर मी तेच करत बसते. आपलं गोल्फचं मैदान, जिथं आजोबांनी एकतीस वर्षं हेड माळी म्हणून काढली, ते त्या नकाशात नुसता एक हिरवा डाग होतं. मी महिनाभर खपून, वरून घेतलेला फोटो बघत त्याचे अठरा भाग वेगळे केले. चेंडू मारायचा चौथरा, मधली गवताची पट्टी, झेंड्याभोवतीचं बारीक गवत, वाळूचे खड्डे, सगळं.

अडलंय ते सहाव्यापाशी. झाडांच्या सावलीनं फोटोत तिथं नुसतं काळं दिसतं. आजोबांनी स्वतः खणलेला खड्डा तिथंच ना? तो एक नसेल तर बाकी सगळं असून मला काय करायचंय. नक्की कुठं, केवढा, कसा, ते कळव.

आणखी एक ताप आहे. कुणीतरी हात धुऊन माझ्या मागे लागलाय. त्याला नाव नाही, नुसता आकडा. मी फोटोत दिसतात तिथं झेंडे लावते आणि हा रोज सकाळी ते हलवतो. आज पाच पावलं इकडे, उद्या सात पावलं तिकडे. डोकं पिकलंय माझं.

गुडघ्यांना जप. रागाव, पण लिहीत राहा.

तुझी,
भिंगरी

दि. १३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मी चौथी नापास बाई. नकाशा उलटा धरला म्हणून भूगोलाच्या बाईंनी मला बाकावर उभं केलं होतं, आणि आता जगाच्या नकाशाला माझं अडलंय. त्या बाई आज हव्या होत्या. शेजारच्या नर्सबाईंना मी पत्र दोनदा वाचून दाखवलं. त्यांना ड्यूटीवर जायचं होतं, पण मी दारातच उभी होते, जातात कुठं.

आधी झेंड्याचं सांगते. झेंडा ज्या भोकात असतो ते भोक रोज हलतं गं. एकाच जागी ठेवलं तर माणसांच्या पायांनी तिथलं गवत मरतं. म्हणून तुझे आजोबा पहाटे उठून जुनं भोक बुजवायचे आणि दुसरीकडे नवं पाडायचे. अठरा भोकं, रोज. माझ्या घरातलं एक नळाचं भोक बुजवायला त्यांना दोन वर्षं लागली. म्हणजे तुझा फोटो ज्या दिवशीचा, झेंडा त्या दिवशीचा. तो आकडेवाला वेडा असेल, पण झेंडे हलतात हे खरंच आहे.

आता खड्डा. तुझा बाबा पोटात होता तेव्हाची गोष्ट. सहाव्याचं बारीक गवत आहे ना (साहेब लोक त्याला ग्रीन म्हणतात, बाकीचं गवत जसं काही निळंच असतं), त्याच्या डाव्या अंगाला, वाकड्या झाडापासून आजोबांची बावीस पावलं. माझी तीस. नऊ दिवस एकट्यानं खणला. आकार कानासारखा. म्हणायचे, तुला माझं काही ऐकू जात नाही, निदान या कानाला तरी जाईल. तेव्हा मी चांगली तिखट कानाची होते, ऐकायचे नाही इतकंच. बाहेरगावचे खेळणारे त्या कानात चेंडू अडकला की कपाळाला हात लावायचे, आणि मी त्या वाकड्या झाडाआडून बघून खूश व्हायचे. आल्यागेल्या सगळ्यांना सांगत असे, हा आमच्या ह्यांनी केलाय.

लिहिता लिहिता मध्येच उठले होते. पुन्हा वाळू. अंगणात नळापाशी मी घसरून मनगट मोडून घेतलं होतं, तुला आठवत असेल. त्यानंतर आजोबांनी कुठूनशी गाडा गाडा वाळू आणून दारापुढे पसरली. अकरा वर्षं झाली, ती अजून घरात येते. अंथरुणात वाळू, चपलेत वाळू, पिठाच्या डब्याच्या झाकणावर वाळू. एवढा गवतातला जाणकार माणूस, बायकोच्या दारात मात्र वाळवंट करून गेला. झाडून झाडून माझी पाठ मोडली. असो.

मनगट मोडल्यापासून मी आपल्या माळ्यांच्या खोल्यांमागच्या तारेपलीकडे, मैदानात, पाय टाकला नाही, ते जाऊनही आता सहा वर्षं झाली, आणि सहावा तर लांबच. पण खड्डा काय पळून जातोय. तू काढ. जपून राहा, आणि पत्राला उशीर करून या म्हातारीला पोस्टमनच्या तोंडाकडे बघायला लावू नकोस.

तुझी आजी

दि. २५ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तीस पावलांवर मी खड्डा काढला. कानासारखा, पाळीसकट. दुसऱ्या दिवशी पुसलेला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा त्या आकड्यानं खाली लिहिलं की तिथं खड्डा नाही, आठवणीवरून नकाशा काढू नये. मी लिहिलं की तो माझ्या आजोबांनी खणलाय, तुम्ही कोण सांगणारे. त्यावर उत्तर आलं की जे आहे ते काढावं, जे होतं ते नको, आणि मी रोज सकाळी बघतो.

काय बघतो? तोच काळा फोटो ना? मी त्याचं नाव खोडरबर ठेवलंय. भांडण वर गेलं आणि नकाशावर देखरेख करणाऱ्यांनी मलाच ताकीद दिली. आणखी एकदा असं झालं तर तीन महिने मला नकाशाला हात लावता येणार नाही. तरी मी चौथ्यांदा काढून ठेवलाय. बाबा म्हणतो, एका खड्ड्यासाठी एवढा हट्ट. त्याला कसं सांगू, अख्ख्या मैदानात आजोबांच्या हातचं असं दाखवता येण्यासारखं तेवढंच आहे. बाकी गवत, ते तर रोज कापलं जातं.

तुला जमेल का गं एकदा बघून यायला? नाही जमलं तर राहू दे. तुझा हात पाठीवर असला की पुरे.

तुझी,
वैतागलेली भिंगरी

दि. ४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

आधी पाणी पी, मग पुढचं वाच.

तुझं पत्र वाचून माझं डोकंच फिरलं. आमच्या खड्ड्याला नाही म्हणणारा हा कोण टिकोजीराव. मी लोकरीचा गुंडा घेतला, हात हात अंतरावर गाठी मारल्या, म्हणजे मोजून त्याच्या तोंडावर फेकता येईल. नर्सबाईंची काठी घेतली. सकाळी सहाला तारेच्या फटीतून आत शिरले. फट तीच आहे, मीच रुंद झालेय. स्वेटर फाटला. सहाव्यापर्यंत जायला पाऊण तास, त्यात तीनदा बसले, आणि प्रत्येक वेळी खोडरबरला शिव्या घातल्या.

वाकडं झाड सापडलं. तिथून तीस पावलं मोजली. गवत. म्हातारपणी पाऊल आखूड पडतं म्हणून चाळीस मोजली. गवतच. लोकर धरून चहूकडे फिरले, जशी काही हरवलेली शेळी शोधतेय. भिंगरी, तिथं खड्डा नाही गं.

झेंड्यापाशी एक माणूस गुडघ्यावर बसून नवं भोक पाडत होता. बघते तर आपला शिडी. आजोबांच्या हाताखाली वीस वर्षं होता तो, उंचीमुळे त्यांनीच हे नाव ठेवलं. आता तोच हेड माळी आहे, केस पिकलेत. भोक झालं, झेंडा रोवला, आणि त्यानं खिशातून फोन काढून त्यात काहीतरी टिचटिच केलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. झेंडा रोज कुठं हलतो हे ठाऊक असणारा माणूस एकच, जो तो हलवतो. मी काठी टेकत गेले आणि विचारलं की खोडरबर तूच का रे. तो बिचारा काकू काकू करत उठला, त्याला आधी काही कळेच ना.

मग बसून बोललो. खेळणारे हल्ली फोनमध्ये बघून चेंडू मारतात म्हणे, आणि त्यांच्या फोनमध्ये तुमचाच नकाशा असतो. नकाशा चुकला की बोलणी शिडीला. म्हणून तो रोज सकाळी स्वतः नीट करतो. गेल्या आठवड्यात स्पर्धा होती, आणि भांडण नको म्हणून यानं तुझा चौथा खड्डा तसाच ठेवला होता. एका मोठ्या पाहुण्यानं फोनमध्ये डावीकडे खड्डा बघितला, तो चुकवायला उजवीकडे मारला, आणि चेंडू गेला झाडीत. खड्डा तर नव्हताच. तो हरला आणि क्लबच्या सेक्रेटरींकडे गेला. सेक्रेटरी दोन वर्षांपूर्वी आलेले, नवे. त्यांना वाटलं, नकाशात आहे म्हणजे खड्डा होता, आणि शिडीनं न विचारता बुजवला. लेखी मागितलंय की कुणाच्या हुकमावरून बुजवला. वीस तारखेपर्यंत कागद दाखवला नाही तर नोकरी जाईल. भिंगरी, हे तुझ्यामाझ्या हट्टानं झालंय. तो मात्र एक शब्द वाकडा बोलला नाही. मलाच माझी लाज वाटली.

मग बुजवला कुणी, म्हणून विचारलं. तर मान खाली घालून म्हणाला, काकांनीच. अकरा वर्षांपूर्वी. खड्ड्यात पाणी साचतं, असं कमिटीला सांगितलं. साचत होतं थोडंफार, पण खरं कारण दुसरं होतं. माझं मनगट मोडलं होतं आणि त्यांना वाळू हवी होती. धुतलेली, खरखरीत दाण्याची, पाय न सरकणारी. तशी इथं त्या एकाच खड्ड्यात होती. दोघांनी सहा दिवस गाडा ओढला. आणि शिडीला बजावलं की हिला कळू देऊ नकोस, गावभर त्या खड्ड्याचं कौतुक सांगत फिरते, कळलं तर सगळी परत भरायला लावील.

लावली असती गं. खरंच लावली असती.

खड्डा पुसून टाक. आजच. त्याची माफी माग. तुझ्यावर माया कमी झाली म्हणून नव्हे, होती तेवढीच आहे म्हणून सांगते.

तुझी आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र हातात पडलं त्याच मिनिटाला पुसला. माझ्या हातानं, कारण लिहून, की चूक माझी होती. देखरेख करणाऱ्यांनाही तसंच कळवलं, आणि ते सगळं छापून शिडीकाकांसाठी सेक्रेटरींना पाठवलंय. शिडीकाकांची माफी मागितली. त्यांनी उत्तरात एवढंच लिहिलं की सातव्याचा चौथरा दोन पावलं पुढे घ्यावा.

पण सेक्रेटरींना हे पुरणार नाही. मी पुसलं म्हणून कागद कुठं मिळतो. आजोबांच्या सामानात काही आहे का बघ ना. माझं कशात लक्ष लागत नाही. एका माणसाची नोकरी, आणि मी घरात बसून कान काढत होते.

सांभाळून घे मला, नेहमी घेतेस तशी.

तुझी,
भिंगरी

दि. १९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मिळालं गं. चार दिवस ट्रंक, माळा, गादीखाली, सगळं उपसलं. जिथं हात घालावा तिथं वाळू. शेवटी रागानं टेबलावर हात आपटला तर टेबल डुगडुगलं. त्याच्या पायाखाली मीच कधीतरी एक वही सरकवली होती. आजोबांची कामाची वही. मी वाचायचा कंटाळा केला, टेबलानं मात्र सांभाळली.

वही घेऊन शिडीबरोबर ऑफिसात गेले. सेक्रेटरी उभे राहिले नाहीत, पण खुर्ची दिली. वहीत आजोबांच्या मोठ्या अक्षरात आहे की सहाव्याचा खड्डा बंद, वाळू खोल्यांपुढे टाकली, आणि खाली जुन्या सेक्रेटरींची सही. नव्यांनी ती सही तीनदा बघितली. मग विचारलं की ती वाळू म्हणजे क्लबचीच मालमत्ता ना. मी म्हटलं, साहेब, आजच घेऊन जा, झाडू मी देते, अकरा वर्षं मी याचीच वाट बघतेय. तेव्हा कुठं हसले. शिडीची चौकशी बंद झाली, तसं लिहून दिलं. पाहुण्यालाही पत्र जाणार आहे म्हणे. गेलं तर गेलं.

परत आल्यावर शिडी अंगणात बसला, बूट काढून, वाळूत पाय घालून. चहा दिला. मी अकरा वर्षांत पहिल्यांदाच वाळूवर नीट उभी राहिले, घाईनं ओलांडून नाही गेले. पाय सरकत नाही, हे खरं आहे. त्या दिवसापासून मी एकदाही घसरले नाही, आणि हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही, शिव्या द्यायच्या नादात. आज सकाळी झाडू घेतला आणि परत ठेवला. उद्या झाडीन, घरातली तेवढी.

आता माझं एक काम कर. तुमच्या नकाशात आमच्या खोल्यांची ओळ आहेच. शेवटच्या खोलीपुढे वाळू काढ. सोळा हात लांब, नऊ हात रुंद, लोकरीनं मोजलीय, गाठी दोनदा मोजल्या. आकार कानाचा नाही, साध्या अंगणाचा आहे, तोच ठेव, उगाच कान काढू नकोस. हे मी आठवणीतून सांगत नाही, दारात बसून, समोर बघून लिहितेय.

खोडरबरलाही विचारलं, पुसशील का रे. तो म्हणाला, काकू, रोज सकाळी येऊन बघून जाईन, आहे की नाही. म्हणजे माझा रोजचा एक कप चहा वाढला.

तुझा बाबा, तुझं ऑफिस, तुझा नकाशा, सगळ्यांना माझे आशीर्वाद सांग. सुट्टीत आलीस की चपला बाहेर काढू नकोस, घालूनच ये.

तुझी आजी