पिकअपच्या काचेतली बंदूक

आबा, तुमच्या बंदुकीचा कागद आलाय. धाकट्यानं पाठवला. तुम्ही गेल्यापासून ती ठाण्यातच पडून आहे आणि आता ते विचारतात, की वारसांपैकी कोण नावावर करून घेणार, का सरकारजमा करायची. माझी सही जिथं पाहिजे तिथं धाकट्यानं पेन्सिलीनं फुली मारलीय. चार दिवस झाले, कागद माझ्या डंपरच्या केबिनमध्ये आहे, आणि त्यातल्या तीन दिवसांपासून माझं डोकं ठिकाणावर नाही. काल खडी उतरवायची सोडून रिकाम्या रस्त्यावर सहा किलोमीटर पुढं निघून गेलो. मुकादम शिव्या देत होता तर त्याच्या तोंडाकडं नुसतं बघत राहिलो. सातवीत दोनदा नापास झालेला माणूस मी, एवढं लांब कधी लिहिलं नव्हतं. पण हे बोलायला इथं कच्छात कोण आहे? आणि खरं तर हे दुसऱ्या कुणाला बोलण्यासारखं पण नाही.

जुनी पिकअप तुम्ही घेतली ना, वसमतला हळदीची पोती न्यायला, तेव्हा पहिलं काम काय केलं असेल तर लोहाराकडं गेलात. दोन आकडे बनवून आणले, त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागं, मागच्या काचेला लागून बसवले. त्यावर दुनळी आडवी. मागून येणाऱ्याला आधी बंदूक दिसायची, मग आपली दोन टाळकी. नळ्या कायम रिकाम्या. काडतुसं तुमच्या बंडीच्या खिशात, तंबाखूच्या डबीत. लायसन पीक राखणीचं, आजोबांपासूनचं. रानडुकरं हळद उकरायची, रोही हरभरा तुडवायचे, आणि तुम्ही वर्षातून चार-दोनदा हवेत बार काढायचात, बस. मारलेलं मी तर काही बघितलं नाही. एकदा तेवढं एक डुक्कर लंगडत गेलं, तर दोन दिवस तुम्ही त्यालाच शोधत फिरलात.

पण ती बंदूक सगळीकडं आपल्यासंगं असायची, छत्री असावी तशी. पिकअप बिघडली की तुम्ही ती खांद्याला लावून एसटीत चढायचात. हिंगोलीच्या गाडीचा तो कंडक्टर हटकून विचारायचा, "आबा, हिचं फुल काढू का हाफ?" आणि तुम्ही म्हणायचात, "लेकुरवाळी हाय का बघ आधी, मग काढ." सगळी गाडी हसायची. हॉटेलात चहा घ्यायला बसलात की ती भिंतीला टेकलेली, तिच्याखाली कुणाची तरी पिशवी ठेवलेली. आपल्या भागात अशा चार-पाच होत्या. लग्नाला गेलं की मांडवाबाहेर जीपा उभ्या आणि प्रत्येकीत एक आडवी. कुणी वळून बघायचं नाही. निदान मला तरी तसंच वाटायचं.

मग ते कमी होत गेलं. कसं ते नीट सांगता येत नाही, कारण एका दिवसात काही झालं नाही. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, ती महिना-दोन महिन्यांनी परत मिळायची. एकाची गंजून आली, त्यानं रागानं नेलीच नाही. एकाच्या पोरानं विकून टाकली. एकाच्या सुनेनं सांगितलं, घरात ही नको, लेकरं हायेत. त्यानं कपाटात घातली ती घातलीच. जीपांच्या काचा मोकळ्या दिसायला लागल्या. शेवटी आपली एकटी राहिली. फाट्यावर तो नवा फौजदार तुम्हाला म्हणालाच होता, "आबा, जमाना बदलला. जरा झाकून नेत चला की." तुम्ही म्हणालात, "झाकून न्यायला काय चोरीची हाय का साहेब? झाकून नेतो त्याच्याच मनात काही असतं. उघडी हाय तव्हर कुणाला भ्याव न्हाई." तो हसला, सोडून दिलं. मला तुमचं ते बोलणं एवढं आवडलं होतं, की इथं कच्छात सुद्धा पोरांना दहा वेळा सांगून झालंय.

म्हणून त्या दिवशी मला ते सहन झालं नाही. हिंगोली जिल्हा नवा झाला ते वर्ष. मी वावरातून आलो तर तुम्ही पिकअपमध्ये गुडघे टेकून बसलेले, हातात पाना, आकड्यांचे नट सोडवून राहिलात. बंदूक बाजेवर पडलेली, मायच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून. मी म्हणालो, "हे काय आबा?" तुम्ही म्हणालात, "काढून राहिलो." काहून ते सांगितलं नाही. मी फौजदाराचं नाव घेतलं, गावात काय तोंड दाखवू म्हणालो, आणि मग ते म्हणालो. मायपुढं म्हणालो. "पोलिसाच्या एका काठीला भ्यालात तुमी." वाटलं, आता पाना फेकून मारता. तुम्ही मान वर केली नाही. "व्हय," म्हणालात, "भ्यालो." आणि दुसरा नट फिरवायला लागलात.

त्याच महिन्यात तुम्ही गायरानातून जाणारी गुरांची वाट बंद करून आपल्याच हळदीतून काढली, उभे चार वाफे मोडून. मी म्हणालो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. तसाही माझा पाय घरात टिकत नव्हता. ते एक निमित्त झालं. आधी हैदराबाद, मग सुरत, मग इथं, रस्त्याच्या कामावर. तुम्ही गेलात तेव्हा मी पोहोचेपर्यंत राख सावडून झाली होती. भ्याला हा एक शब्द मनात धरून मी आलो आणि तोच घेऊन परत गेलो.

आता परवाचं. गेल्या महिन्यात साइटवर नवा इंजिनिअर आला. बघतो तर आपल्या गावचा, बौद्धवाड्यातला, सातवीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा. तो पास होत गेला. मी त्याला साहेब म्हणायला लागलो तर म्हणाला, "साहेब काय म्हणतो रे, माझ्या पाटीवर थुंकून माझी गणितं पुसायचास तू." तेव्हापासून दुपारी तो त्याचा डबा घेऊन माझ्या डंपरच्या सावलीला येतो. गावाकडची भाषा बोलायला मिळते, दोघांनाही. तर परवा जेवताना मी त्याला कागद दाखवला. लई खुशीत होतो. म्हणालो, "सही करतो, दुनळी माझ्या नावावर होऊ दे. दोन वर्षांत गावाकडं जातो, एक जुनी पिकअप घेतो, आणि आबांनी काढलेले ते आकडे पुन्हा बसवतो. बघ तू."

त्याचा घास हातातच राहिला.

"आकडे आबांनी काहून काढले, तुला म्हाईत न्हाई?"

"फौजदाराला भेऊन."

"फौजदाराला?" तो माझ्याकडं बघतच राहिला. मग त्यानं भाकरी डब्यात ठेवली, हात धुतले. "माझ्या मायला पान लागलं होतं, याद हाय?"

होतं याद. हळदीत खुरपताना घोणस हाताला चावली होती. आपण त्या दिवशी विहिरीवर मोटर बसवत होतो, पिकअप बांधावर उभी. तिला बाजेवर घालून चौघं जण फाट्याकडं पळत निघालेले आपल्यासमोरून गेले. तुम्ही ओरडलात, "काय झालं रे?" तर कुणीतरी म्हणालं, "काही न्हाई मालक," आणि ते आणखी जोरात चालायला लागले. तुम्ही कितीतरी वेळ त्या वाटेकडं बघत उभे होतात. संध्याकाळी कळलं की साप चावला. ती वाचली, पण फाट्यावर एसटीची वाट बघण्यात दीड तास गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"गाडी हाकेवर होती," साहेब म्हणाला. "माझा बाप तुमच्याकडं पळतच निघाला होता. मायनं त्याच्या सदऱ्याला धरलं. हात सुजून कोपरापर्यंत काळा झालेला, आणि म्हणती कशी, त्या गाडीत न्हाई. मेले तरी चालंल, त्या गाडीत न्हाई."

मी म्हणालो, "अरे पण काहून? बंदूक रिकामी असायची! नळ्यात कव्हाच काही नसायचं."

"रिकामी हाय हे तुमाला म्हाईत. आमाला कसं म्हाईत असंल?"

आबा, ज्या बंदुकीचं तिकीट काढायच्या गमतीवर सगळी एसटी हसायची, त्या गाडीत मागच्या बाकड्यांवर कोण हसत नव्हतं, हे मी कधी बघितलंच नव्हतं. तो सांगत होता. लहान असताना तुमची पिकअप वस्तीवरून निघाली की बाया लेकरांना हाताला धरून आत ओढायच्या. कुणी काही बोलायचं नाही. गाडी पुढं गेली की परत भांडी घासायला बसायच्या. "आणि गायरानाच्या दिवसानंतर तर मायनं धसकाच घेतला," तो म्हणाला.

गायरानाचा दिवस. माझं गाडीचं लायसन येऊन दोन महिने झाले होते. बौद्धवाड्यातल्या चार घरांनी गायरानाचा तुकडा नांगरला होता, ज्वारी पेरायची होती, आणि त्यातून आपल्या गुरांची वाट जायची. तुम्ही म्हणालात, चल, बोलून येऊ. बाभळीपाशी आल्यावर म्हणालात, "गाडी लाव इथं." उतरलात, हात मागं बांधून त्यांच्याकडं चालत गेलात. पाच मिनिटं बोललात. त्यांनी तिफण उचलली, पेरायचं बी परत पोत्यात भरलं आणि निघून गेले. परत येताना तुम्ही किती खूश होतात! म्हणालात, "समजूतदार लोक हायेत. गोडीनं सांगितलं की माणूस ऐकतं."

"तुमचे आबा काय बोलले हे आमच्यातल्या एकालाही आठवत न्हाई," साहेब म्हणाला. "गाडी आधी आमच्याकडं तोंड करून उभी होती. आबा चालत येऊन राहिले तव्हा ती वळली. मागची काच आमच्याकडं केली. बाप म्हणाला, उचला."

मग तो पुढचं बोलला. माय दवाखान्यातून आल्यावर तुम्ही तिला बघायला गेलात. बाहेर दगडावर बसलात, त्यांच्या घरचं पाणी मागून प्यालात. तिला विचारलंत, "बाई, गाडी समोर होती, मला हाक काहून मारली न्हाई?" तुम्ही दोनदा विचारलंत. तेव्हा तिनं लुगड्याच्या पदरात हात झाकून सगळं सांगितलं, बंदुकीचं आणि गायरानावर गाडी वळली त्याचं. साहेब तेव्हा उंबऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "गाडी वळली, असं माय म्हणाली ना, तव्हा आबा एकदम गप झाले. लई वेळ. मग त्यांनी हात जोडले. म्हणले, 'पोराला गाडी वळवायला मीच सांगितलं होतं. त्याला काय कळतंय, लेकरू हाय ते. चुकी माझी हाय.' दुसऱ्या दिवशी आकडे काढले. आन् सांगून पाठवलं, गायरान पेरा म्हणून."

मी उठलो. डंपरच्या चाकाला हात लावून उभा राहिलो. दुपारचं चाक भाजत होतं तरी हात काढला नाही. मला वाटलं होतं माझ्या बापाबद्दल मला सगळं म्हाईत आहे. सात वर्षं मी एक भित्रा माणूस मनात घेऊन फिरत होतो, आणि तो माणूस माझ्यावरचं पांघरूण होता.

तुम्ही सांगितलं नव्हतं, आबा. गाडी लाव एवढंच म्हणालात आणि पुढं गेलात, तुमची पाठ होती माझ्याकडं. मीच रिव्हर्स टाकला. एकदा पुढं, एकदा मागं घेऊन बराबर काच त्यांच्या समोर आणली. कुणी शिकवलं नव्हतं. मला बघायचं होतं, काय होतं ते. आरशात दिसत होते सगळे. एकेक जण काचेकडं बघायचा आणि मग खाली बघायचा. आणि मला ते आवडलं होतं. खोटं काहून बोलू, लई आवडलं होतं. तुम्ही परत येऊन गोडीनं सांगितल्याचं बोललात, तेव्हा मी मनातल्या मनात हसलो पण होतो.

धाकट्याच्या कागदावर काल लिहून दिलं, माझी हरकत नाही, सरकारजमा करा. फुलीवर सही केली. तो कागद उद्या टपालात जाईल. हा, तुम्हाला लिहितोय तो, जाणार नाही. तुम्हाला यातलं काहीच नवं नाही, सगळं तुम्ही माझ्या आधी ओळखलं होतं. एक तेवढं तुम्हाला म्हाईत नसेल, ते परवाचं आहे.

मी चाकाशी तसाच उभा होतो तर साहेब मागून आला. मग हळू आवाजात म्हणाला, "एक विचारू? आबांनी खरंच सांगितलं होतं का रे तुला, गाडी वळव म्हणून?"

मी त्याच्याकडं वळून न बघता म्हणालो, "व्हय."