पांढऱ्याच्या पलीकडच्या पायऱ्या

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नापास! काचेच्या कारखान्यावरची फिल्म परत आली. दिग्दर्शिकेचा फोन — "ताई, भट्टीच्या तोंडाला चुना फासलाय का? आत वितळलेली काच होती, ती गेली कुठे?" फिल्मचे रंग मी ठरवलेत, तेव्हा खापर माझ्यावरच. स्टुडिओत सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "डोळे तपासून घे. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल."

ज्या माणसाने मला रंग बघायला शिकवलं, त्याने हे बोलावं! फार लागलं. जेवलेही नाही धड.

१५ ऑक्टोबर

डोळे ठणठणीत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता पुढच्या वर्षी या." नवरा म्हणाला, "म्हणजे माझं पोट तुला स्पष्ट दिसतंय तर."

मग चूक कुणाची? पडद्याची! साधा पडदा एका हद्दीपर्यंत उजळतो, त्यापुढचं सगळं सरसकट पांढरं करून टाकतो. आमचा एचडीआर — कागदाच्या पांढऱ्याहून लख्ख उजेडही वेगवेगळा दाखवणारा. निदान कोपऱ्यात तसं लिहून येतं. पण लिहायला काय जातंय?

१६ ऑक्टोबर

सगळ्यांच्या आधी पोचले. एक पट्टी तयार केली. शेजारीशेजारी चौकोन, नेहमीच्या पांढऱ्यापासून वर वर उजळत जाणारे. पडदा खरा असेल तर प्रत्येक पायरी सुटी दिसायला हवी. आमच्याकडे? वरच्या साऱ्या पायऱ्या एकजीव! आणि कोपऱ्यात 'एचडीआर' मिरवतंय. लबाड मेलं!

मेनू उपसला. 'एचडीआर इफेक्ट' नावाचं बटण चालू. म्हणजे साधं चित्र घ्यायचं, भडक करायचं आणि वर पाटी लावायची! बटण बंद केलं — पाटी गायब. खरा सिग्नल येतच नव्हता. मी इतके दिवस त्या भडकपणावर विश्वास ठेवून उजेड चढवत बसले होते.

पण येत का नव्हता? संगणक ठीक, पडदा ठीक. डोकं उठलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडलं!!

तारेचा माग काढत टेबलाखाली रांगत गेले. तार भिंतीपाशी एका डबीत शिरते. डबी चित्र दोन ठिकाणी वाटते — एक माझ्या पडद्यावर, एक सरांच्या केबिनमध्ये. ऑगस्टात सरांनीच बसवून घेतली होती, खुर्चीतून न उठता काम बघता यावं म्हणून. त्यांचा टीव्ही जुना. त्याला झेपत नाही म्हणून ही डबी दोघांनाही साधंच चित्र देते! बसवणाऱ्याला माझं चित्र फिकं वाटलं असणार. त्याने ते बटण दाबलं, झालं, गेला.

डबी काढली. तार थेट जोडली. पट्टी लावली — पायरी न् पायरी सुटी! मी इतक्या जोरात ओरडले की चहावाला कप तसेच घेऊन आत आला.

भट्टीचा प्रसंग उघडला. खरंच चुना होता! लाज वाटली, पण हसूही आलं. दुपारपर्यंत उजेड उतरवत आणला. आणि तिथे, त्या पांढऱ्याच्या आत, केशरी काच सावकाश वळत होती. बोलावून घेतलेली दिग्दर्शिका खुर्चीतून उठलीच. "हीच! ताई, हीच माझी काच!" तिने माझे दोन्ही हात धरले.

सर दारात उभे होते. "ठीक," म्हणाले आणि निघून गेले. जाऊ देत! येताना आइस्क्रीम आणलं. नवऱ्याला सगळी कथा तीनदा ऐकवली. तिसऱ्यांदा त्याने मध्येच "मग तू रांगत गेलीस" म्हणून पुढचं स्वतःच सांगितलं.

१८ ऑक्टोबर

आज सरांना पट्टी दाखवायला घेऊन आले. जरा तोऱ्यातच. "बघा ना सर, या वरच्या पायऱ्या."

ते वाकले. नाक पडद्याला टेकेल इतके. डोळे बारीक करून बघू लागले. मग हळूच म्हणाले, "कुठे गं? मला तर सगळं एकच दिसतंय. केबिनमध्येही हल्ली सगळं धूसरच, टीव्हीला चिकटून बसलं तरी." आणि मग, "दार लाव आधी."

दार लावलं. त्यांचा हात धरून त्यांचं बोट एकेका चौकोनावर ठेवत गेले आणि कुठली पायरी कुठे संपते ते सांगत राहिले.