चहाची गाळणी

वडूज, बुधवार, संध्याकाळ

आज मामांवर ओरडले. सासऱ्यांवर, लग्नानंतर पहिल्यांदाच. अजून मनाला लागून राहिलंय.

दवबिंदूचं बी पेरून चाळीस दिवस झाले. पानांवरच्या चिकट थेंबांत किडे धरून खाणारं ते इवलंसं रोप. मैत्रिणीनं साताऱ्याहून चिमूटभर बी पाठवलं होतं. कुंडीत नुसती वाळू आणि नारळाचा भुसा, वर साठवलेलं पावसाचं पाणी. आमच्या बोअरचं खारं पाणीसुद्धा त्याला सोसत नाही.

शाळेतून आले, तर कुंडीवर शेणखत! मामांनी चहाच्या गाळणीनं चाळून घातलेलं.

"आवं मामा, खतानं मरतंय ते! विचारायचं तरी!"

ते हळूच म्हणाले, "वाळूत बी उपाशी ठिवायचं व्हय गं? माज्या जिवाला बरं वाटंना."

जन्मभर शेती केलेला माणूस. बी बारीक, त्याला खताचं ढेकूळ जड होईल म्हणून गाळणी घेतली. चहाची गाळणी! हे मला ओरडून झाल्यावर सुचलं.

चमच्यानं खत काढताना कडेला टाचणीच्या टोकाएवढं हिरवं दिसलं. उगवलंय! जगेल का? मामा चष्मा लावून शेजारी उकिडवे बसले.

"मग ह्ये खातंय तरी काय?"

"मोठं झालं की चिलटं, माश्या."

आत्ता गाळणी घासून आले, तर कुंडीशेजारी गुळाचा खडा. दिवसभर टॉवेलनं माश्या हाकलणाऱ्या माणसानं ठेवलेला.

खड्यावर एक माशी बसली होती. मी हाकलली नाही.